पोर्ट वाईनच्या पिंपात मुरलेली बेल्जियन बिअर : एका घोटात नेमकं काय काय असतं?

बिअर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बर्फात बुडवलेली बाटली, काठोकाठ भरलेला ग्लास आणि पहिला मोठा घोट.

पण बिअरचा एक प्रकार असाही आहे, जो फ्रीजमधून काढून थोडा वेळ तसाच ठेवतात. मग तो वाईनच्या ग्लासात जेमतेम दोन बोटं ओततात, आधी नुसता वास घेतात आणि नंतर चमचाभर घोट. एक छोटी बाटली दोघांना आरामात तासभर पुरते. रंग काळपट लाल, चव मनुका-अंजिराच्या वळणाची आणि ॲल्कोहोल १० ते १३ टक्के, म्हणजे जवळपास वाईनइतकं.

ही झाली बेल्जियन पद्धतीची कडक एल. तीच पोर्ट, शेरी किंवा मदेरा वाईनच्या रिकाम्या पिंपात काही महिने मुरवली की तिची बाटली बरीच महाग होते आणि लेबलवर ‘बॅरल एज्ड’ असे दोन वजनदार शब्द येतात.

प्रश्न एवढाच की पिंपात ठेवलं म्हणजे बिअर चांगली झालीच असं म्हणायचं का? उत्तर आहे, नाही. ती चांगली झाली की नुसती महाग झाली, हे सांगणारी खूण ग्लासातच असते. ती ओळखायची कशी, ते पाहू.

बेल्जियममध्ये बिअर इतकी कडक का?

आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर साधारण ५ ते ८ टक्क्यांत बसते. बेल्जियममध्ये ८ टक्के म्हणजे मधली पायरी. ‘रोशफोर १०’ ही तिथल्या मठात बनणारी बिअर ११.३ टक्क्यांची आहे. ‘वेस्टव्लेटेरेन १२’ मध्ये १०.२ टक्के ॲल्कोहोल असतं. ड्युबुइसाँ या कारखान्याची ‘बुश’ १२ टक्क्यांची आहे आणि ती १९३३ पासून बनते आहे.

यामागे एका कायद्याचाही हात आहे. १९१९ मध्ये बेल्जियमने बारमध्ये बसून जिनसारखी कडक दारू पिण्यावर बंदी घातली. हा कायदा वांडरवेल्डे या मंत्र्यांच्या नावाने ओळखला जातो आणि तो १९८० च्या दशकापर्यंत टिकला. बारमध्ये कडक दारू मिळेनाशी झाली, तेव्हा कडक बिअरला आयतंच गिऱ्हाईक मिळालं.

दुसरं कारण आहे साखर. बेल्जियन ब्रुअर माल्टच्या जोडीला साखर किंवा साखरेचा गडद पाक वापरतात. त्याला तिकडे ‘कँडी शुगर’ म्हणतात. हा ‘कँडी’ शब्द मुळात आपल्या ‘खंड’वरून, म्हणजे खडीसाखरेच्या घराण्यातून, अरबीमार्गे युरोपात गेला. यीस्ट ही साखर जवळपास पूर्ण खाऊन टाकतं. त्यामुळे ॲल्कोहोल वाढतं, पण बिअर जड आणि चिकट होत नाही. गडद पाकामुळे काकवीसारखा एक खोल गोडसर वास मात्र मागे राहतो.

तिसरं कारण म्हणजे यीस्ट. बेल्जियन यीस्ट जरा उबदार तापमानात काम करतं आणि काम करता करता सुगंधी द्रव्यं तयार करतं. त्यातलं एक पिकलेल्या केळ्याच्या वासाचं असतं, तर दुसरं लवंगेच्या. बिअरमध्ये कुणी केळंही घातलेलं नसतं आणि लवंगही. सगळी करामत यीस्टची.

या घराण्यातल्या सगळ्यात गडद आणि कडक प्रकाराला आज ‘क्वाड्रुपल’ म्हणतात. हे नाव १९९१ मध्ये ‘ला ट्राप’ बिअरने रूढ केलं. ही बिअर नेदरलँड्समधल्या तिलबर्ग शहराजवळच्या कोनिंग्सहूवेन मठात बनते. मठ बेल्जियमच्या सीमेपासून फार लांब नाही आणि बिअरची जातकुळी बेल्जियनच. याच मठाची ओकच्या पिंपात मुरवलेली क्वाड्रुपलही मिळते. तिच्यासाठी वेगवेगळ्या खेपांना वेगवेगळी पिंपं वापरली गेली आणि त्यात पोर्टचीही पिंपं होती.

फोर्टिफाइड वाईन म्हणजे काय?

साधी वाईन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. त्यात द्राक्षापासूनच बनवलेली कडक दारू मिसळली की ती झाली फोर्टिफाइड वाईन. ॲल्कोहोल १५ ते २२ टक्क्यांपर्यंत जातं आणि वाईन दीर्घकाळ टिकते.

पोर्ट : ही पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. या खोऱ्याच्या सीमा १७५६ मध्येच ठरवून दिल्या गेल्या. रस आंबत असताना अर्ध्यावरच त्यात द्राक्षाची दारू ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि वाईन गोड होते.

गोव्याहून येताना अनेकांच्या बॅगेत जी ‘पोर्ट वाईन’ असते, ती याच नावाची स्थानिक गोड रेड वाईन. नाव पोर्तुगीज वारशातून आलं आहे, पण युरोपच्या कायद्याने ‘पोर्ट’ हे नाव फक्त दोरू खोऱ्यातल्या वाईनसाठी राखून ठेवलं आहे. गोव्याच्या बाटलीवरून खऱ्या पोर्टचा गोडवा थोडाफार कळेल, पण वर्षानुवर्षं लाकडात मुरलेल्या पोर्टचा अक्रोड-अंजिराचा वास त्यातून कळणार नाही.

शेरी : ही दक्षिण स्पेनमधल्या हेरेज गावच्या परिसरातली. हिचे प्रकार अनेक. ‘फिनो’ फिकी आणि कोरडी असते. ‘ओलोरोसो’ मुद्दाम हवेच्या संपर्कात मुरवतात, त्यामुळे ती गडद होते आणि तिला अक्रोडासारखा वास येतो. ‘पेद्रो हिमेनेस’ जातीची द्राक्षं आधी उन्हात वाळवतात. तिची वाईन म्हणजे जणू मनुक्यांचा पाकच.

मदेरा : ही अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावरची. मदेरा या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ लाकूड, आपल्या ‘मदिरा’शी त्याचा संबंध नाही. या वाईनचा भारताशी मात्र जुना संबंध आहे. भारताच्या दिशेने निघालेल्या जहाजांवर मदेराची पिंपं असायची. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात वाईन महिनोन्‌महिने तापायची. ती खराब होण्याऐवजी चवदार झाल्याचं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. मग काही पिंपं केवळ तापवण्यासाठी जाऊन-येऊन प्रवास करू लागली. पुढे हेच तापवणं बेटावर, गोदामात होऊ लागलं.

या तिन्ही वाईन बराच काळ पिंपात राहतात. पिंप रिकामं झालं तरी कोरडं होत नाही. लाकडाच्या फळ्यांनी काही लिटर वाईन पिऊन घेतलेली असते. बिअरवाल्यांना हवी असते ती हीच वाईन.

पिंप बिअरला काय देतं?

कडक एल आधी नेहमीसारखी स्टीलच्या टाकीत आंबवून तयार होते. मग ती पिंपात भरतात आणि काही महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ ठेवतात. लोणचं बरणीत मुरतं तशीच ही मुरते. या काळात चार गोष्टी घडतात.

पहिली, वाईन बाहेर येते. फळ्यांत शोषलेली वाईन हळूहळू बिअरमध्ये उतरते. पोर्टकडून लाल फळं आणि गोडवा येतो, ओलोरोसो शेरीकडून अक्रोड, पेद्रो हिमेनेसकडून मनुका-खजूर, मदेराकडून जळक्या साखरेचा आणि आंबटसर फळाच्या सालीचा वास.

दुसरी, लाकूड विरघळतं. ओकच्या लाकडात व्हॅनिलाचं सुगंधी द्रव्य असतं, खोबऱ्यासारखा वास देणारी द्रव्यं असतात, लवंगेतलं युजेनॉलही असतं. शिवाय तुरटपणा देणारं टॅनिन.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीसाठी आतून जाळलेलं कोरं ओक पिंप वापरणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे बर्बनच्या रिकाम्या पिंपात लाकडाचा जोर बराच शिल्लक असतो आणि त्यात मुरलेली बिअर व्हॅनिला-खोबऱ्याने घमघमते. पोर्ट आणि शेरीवाल्यांना याच्या उलट हवं असतं. लाकडाने वाईनवर चढू नये म्हणून ते जुनी, चव निघून गेलेली पिंपं जपून वापरतात. साहजिकच अशा जुन्या पिंपातून बिअरला वाईन जास्त मिळते आणि लाकूड कमी. पोर्टच्या पिंपातली म्हणून घेतलेल्या बिअरमध्ये नुसता व्हॅनिलाच भरून राहिला असेल, तर ते पिंप बहुधा नवं होतं आणि पोर्टने फार तर ओलं करून घेतलेलं होतं, असा अंदाज बांधता येतो. विशेषतः व्हिस्कीच्या धंद्यासाठी नव्या पिंपात काही काळ शेरी भरून ती ‘तयार’ करण्याची पद्धत सर्रास आहे.

तिसरी, हवा आत येते. लाकूड अगदी थोडी हवा आत सोडतं. एरवी बिअरचा शत्रू असलेला ऑक्सिजन इथे थेंबाथेंबाने मिळतो आणि कडक, गडद बिअरमध्ये चांगलं काम करतो. ताज्या बिअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास मंदावतो, सुक्या मेव्याचा वास पुढे येतो.

चौथी, पाहुणे येतात. लाकडाच्या छिद्रांत जंगली यीस्ट आणि जिवाणू दडून बसलेले असतात. प्रमाणात असले तर चामड्याचा, सुक्या गवताचा वास आणि थोडा आंबटपणा देतात. माजले तर बिअरचं व्हिनेगर करतात.

पिंपाचा आकारही महत्त्वाचा. पोर्टचं पारंपरिक पिंप साधारण ५५० लिटरचं असतं, शेरीचं ५०० लिटरच्या आसपास. बोर्दोकडच्या वाईनचं पिंप २२५ लिटरचं. पिंप जितकं लहान, तितका बिअरच्या दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त, म्हणून लहान पिंपात चव लवकर उतरते आणि लवकर अतिही होते.

दोन शेजारशेजारची पिंपंही सारखी मुरत नाहीत. म्हणून ब्रुअर प्रत्येक पिंप चाखतो, बिघडलेलं बाजूला काढतो आणि बाकीची एकत्र मिसळतो. गरज पडली तर न मुरवलेली ताजी बिअरही त्यात घालतो. लेबलवर ‘बॅरल एज्ड’ एवढंच दिसतं, पण बिअर घडते ती बरीचशी या मिसळण्याच्या टेबलावर.

बाटली उघडण्याआधी

लेबल वाचायला दोन मिनिटं द्या. ॲल्कोहोल किती, पिंप कशाचं, किती महिने मुरवलं आणि बाटली कधी भरली, या चार गोष्टी पाहायच्या. पिंपाचं नाव स्पष्ट असेल तर काय शोधायचं ते कळतं. नुसतंच ‘ओक’ लिहिलं असेल तर वाईनची अपेक्षा ठेवू नका. बेल्जियन ‘बुश प्रेस्टीज’ ही १३ टक्क्यांची बिअर ओकमध्ये मुरते. तिच्यात लाकूड शोधायचं, पोर्ट नाही.

तापमान : १२ ते १४ अंश सेल्सिअस. बर्फासारखी थंड असेल तर वास दबतो आणि कडू-तुरटपणा तेवढा टोचतो. थंड हवेत फ्रीजबाहेर अर्धा तास ठेवावी. मे महिन्यातल्या नागपुरात दहा मिनिटंही पुष्कळ झाली.

ग्लास : खाली फुगीर आणि वर निमुळता. वाईनचा साधा ग्लास चालतो. साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि वासही बिघडतो, म्हणून ग्लास स्वच्छ पाण्याने नीट विसळलेला हवा.

ओतणं : ग्लास तिरका धरून हळू ओता आणि एक तृतीयांश भरला की थांबा. तळाशी यीस्टचा गाळ असतो. तो अपायकारक नाही, पण चव गढूळ करतो, म्हणून शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

फेस थोडाच येईल आणि पटकन विरेल. घाबरू नका. पिंपात वायू टिकत नाही. बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून तो पुन्हा तयार करतात. शिवाय जास्त ॲल्कोहोलमुळेही फेस लवकर मोडतो.

आधी नाक, मग जीभ

ग्लास न हलवता पहिला वास घ्या. नाक एकदम आत खुपसायचं नाही, नाहीतर ॲल्कोहोलची चुरचुर तेवढी कळेल. मग ग्लास हलकेच फिरवून दुसरा वास घ्या. दोन वासांच्या मध्ये आपल्याच मनगटाचा वास घेतला की नाक ताजं होतं, असं चाखणारे सांगतात.

आता जे जे जाणवेल ते कुठून आलं, हे ओळखायचं. त्यासाठी ही छोटी यादी :

– काकवी, भाजलेली साखर, ब्रेडची करपलेली कड : माल्ट आणि साखरेचा पाक, म्हणजे मूळ बिअर.

– केळं, लवंग, मिरी : बेल्जियन यीस्ट.

– मनुका, खजूर, अंजीर : थोडं बिअरचं, थोडं वाईनचं. सगळ्यात गोंधळात टाकणारी जागा हीच.

– जांभूळ, करवंद, लाल फळांचा मुरंबा : पोर्ट.

– अक्रोड, खारे भाजलेले बदाम : शेरी.

– व्हॅनिला, सुकं खोबरं : ओक.

– मेथीदाणे : मुरण्याचा काळ.

शेवटची नोंद वाचून अनेकांच्या भुवया वर जातील. बिअरमध्ये मेथी? होय. मेथीदाण्यांना जो खास वास असतो, तो मुख्यतः सोटोलोन नावाच्या द्रव्याचा. हेच द्रव्य मुरलेल्या शेरीत, मदेरात आणि जुन्या पोर्टमध्येही तयार होतं. कच्च्या उसाच्या साखरेतही ते सापडतं. अगदी कमी प्रमाणात असलं तर वास गूळ-कॅरॅमलसारखा भासतो, वाढलं की थेट मेथी. युरोपियन माणूस या वासाला ‘करी’ म्हणून मोकळा होतो. आपल्या नाकाला तो मेथीच्या लाडवांमुळे लहानपणापासून ओळखीचा.

लवंगेचंही एक कोडं आहे. ती यीस्टकडूनही येते आणि ओककडूनही. यीस्टची लवंग केळ्या-मिरीच्या सोबतीने येते आणि बिअर मुरत जाते तशी फिकी होते. ओकची लवंग व्हॅनिलाच्या सोबतीने येते आणि तिच्यामागून तोंडात तुरटपणा येतो.

घोट

पहिला घोट फक्त तोंडाला ओळख व्हावी म्हणून. त्यावरून मत बनवू नका. १० टक्क्यांवरचं ॲल्कोहोल पहिल्यांदा लागतं तेव्हा बाकी काही कळत नाही.

दुसरा घोट छोटा घ्या, जिभेवर पसरू द्या, तीन-चार सेकंद थांबा आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशाच्या मागून नाकात जाणाऱ्या या वाफेतूनच निम्मी चव कळते. सर्दी झाली की जेवण बेचव का लागतं, याचं कारणही हेच.

मग क्रमाने पाहा.

गोड किती आहे? गोडवा लगेच लागून नाहीसा होतो की शेवटपर्यंत चिकटून राहतो? चांगल्या बेल्जियन बिअरमध्ये वास गोड असतो, पण शेवट बऱ्यापैकी कोरडा. पोर्टने तो थोडा गोड केला तर ठीक, पाक झाला तर बिघडला.

आंबट आहे का? कोकमाच्या सरबतात असतो तितपत हलका आंबटपणा गोडव्याला तोलून धरतो. घशाला झोंबत असेल तर ते व्हिनेगर.

तुरट किती? ही चव आपल्याकडे षड्रसांत मोजली जाते, त्यामुळे मराठी जिभेला ती वेगळी शिकवावी लागत नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तितकी असेल तर छान. सुपारी चघळल्यासारखी असेल तर पिंपात जास्त दिवस राहिली.

ऊब कशी आहे? छातीत हळूहळू पसरणारी असेल तर ॲल्कोहोल नीट मुरलं. घशात जाळ झाला तर अजून कच्चं आहे.

शेवटी मागे काय उरतं ते पाहा. गिळल्यानंतर सावकाश दहा अंक मोजा. चांगली बिअर तोवर बदलत राहते : आधी फळ, मग भाजलेली साखर, मग लाकूड. नुसतं लाकूडच उरलं तर समजा पिंप जिंकलं आणि बिअर हरली.

ग्लास संपवायची घाई नको. खोलीच्या उबेने बिअर दोन-चार अंश वर आली की वास उघडतात. पहिल्या पाच मिनिटांत न सापडलेलं जांभूळ विसाव्या मिनिटाला सापडू शकतं.

मुरलेली की बिघडलेली?

महाग बाटलीबाबत मोठी अडचण अशी की चूक सापडली तरी ‘याची चव अशीच असेल’ असं म्हणून लोक ती पितात. काही खुणा मात्र स्पष्ट असतात.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला नको तितकी हवा लागली आहे. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर एथिल ॲसिटेट जास्त झालं आहे. त्याची पुसट झाक चालते, डोळ्यात जाईल इतका वास चालत नाही. सोया सॉसची खारट चव लागली तर बिअर फार जुनी झाली आहे किंवा उष्णतेत राहिली आहे.

चामडं आणि सुकं गवत यांचं गणित वेगळं. जंगली यीस्टचे हे वास बेल्जियममध्ये काही बिअरमध्ये मुद्दाम आणतात आणि लोक ते आवडीने पितात. म्हणून या वासावर लगेच फुली मारू नये. बाकीच्या चवींशी त्याचं जुळतंय का, ते पाहावं.

आणि सगळ्यात महत्त्वाची कसोटी : डोळे मिटून घोट घेतल्यावर ही बिअर आहे, असं अजून कळतंय का? काकवी, ब्रेड, यीस्ट यांचा आवाज ऐकू येतोय का? येत असेल तर पिंपाने साथ दिली. नुसती पातळ केलेली पोर्ट लागत असेल तर अति तिथे माती झाली, मग बाटली कितीही महाग असो.

हे तपासायचा सोपा मार्गही आहे. मिळाली तर त्याच कारखान्याची न मुरवलेली मूळ बिअर शेजारच्या ग्लासात घ्या आणि आलटून पालटून एकेक घोट चाखा. दोन ग्लासांमधला जो फरक, तो पिंपाचा. एवढ्या एका प्रयोगाने जे कळतं, ते दहा लेबलं वाचून कळत नाही.

सोबत काय खायचं?

इंग्लंडमध्ये पोर्टसोबत स्टिल्टन हे निळ्या बुरशीचं चीज खाण्याची जुनी रीत आहे. पोर्टच्या पिंपातल्या बिअरलाही ती जोडी शोभते, कारण चीजच्या खारटपणासमोर बिअरचा गोडवा खुलतो. कमी गोड डार्क चॉकलेट, अक्रोड, भाजलेले बदाम, सुके अंजीर हेही उत्तम.

मसाला शेंगदाणे, तिखट फरसाण आणि चखण्याचे आपले नेहमीचे प्रकार मात्र इथे बाजूला ठेवावेत. ॲल्कोहोलमुळे तिखट जास्त झोंबतं आणि त्या आगीत पोर्टचा पत्ता लागत नाही.

बाटली ठेवायची असेल तर उभी, अंधारात आणि गारव्यात ठेवा. अशा बिअर काही वर्षं टिकतात खऱ्या, पण ते युरोपातल्या तळघरात. आपल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते. तळघर नसेल तर फ्रीजचा खालचा कप्पाच बरा.

छोटी बाटली, मोठा हिशेब

बिअर या शब्दाने इथे फसगत होऊ शकते. ११ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या बाटलीत सुमारे ३६ मिली शुद्ध ॲल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत असतं साडेबत्तीस मिली. म्हणजे हातात मावणारी ही छोटी बाटली नेहमीच्या मोठ्या बाटलीपेक्षा जास्त चढते. व्हिस्कीच्या भाषेत सांगायचं तर ३० मिलीचे जवळपास तीन पेग. गोडव्यामुळे आणि मनुक्याच्या वासामुळे हे घोटात जाणवत नाही, उठून उभं राहिल्यावर जाणवतं.

दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णपणे सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे जे पीत नाहीत त्यांनी या वर्णनाला भुलून सुरुवात करण्याचं कारण नाही. जे पितात त्यांनी ही बाटली वाटून घ्यावी, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवावा आणि त्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. या संस्कृतीत बिअर बनवण्याइतकंच ती चाखण्याच्या रीतीलाही महत्त्व आहे. कोणत्या बिअरला कोणता ग्लास, किती गारवा, किती वेळ, हे तिथे ठरलेलं असतं.

पोर्टच्या पिंपातली एल या रीतीची परीक्षाच घेते. तिच्यात शेतातलं जव आहे, साखरेचा पाक आहे, यीस्टची करामत आहे, दोरू खोऱ्यातल्या द्राक्षांचा अंश आहे आणि लाकडात गेलेले महिने आहेत. गटागटा प्यायली तर ती फक्त एक कडक, गोडसर बिअर. थांबून चाखली तर यातली एकेक गोष्ट वेगळी ओळखता येते, आणि दिलेले पैसे बिअरसाठी गेले की नुसत्या पिंपासाठी, तेही कळतं.